जुन्या टॅब्लेटवर नवी प्रणाली घ्यावी काय?

घरांतील जुन्या टॅब्लेटवर नव्या आवृत्तीची सूचना आली, कीं बोट लागलीच पुढें होतें. परंतु घटकाभर थांबावें.

सन २०११ मध्यें निघालेल्या आयपॅड २ चें उदाहरण घेऊं. त्याची कार्यस्मृति अवघी ५१२ मेगाबाइट. २०१५ सालची आयओएस ९ ही प्रणाली त्यावर चालते खरी. पण म्हाताऱ्या बैलावर ओझें वाढवावें, तशी त्याची चाल मंदावते. शिवाय परतीची वाट नाहीं. कारण कंपनीनें मान्यता काढून घेतलेली जुनी आवृत्ति पुन्हा बसवितां येत नाहीं.

मग जुनें तें सोनें म्हणून स्वस्थ बसावें काय? तसेंही नव्हे. ऑगस्ट २०१६ मध्यें आलेल्या ९.३.५ या आवृत्तीनें हेरगिरीस वाव देणारीं तीन छिद्रें बुजविलीं. जो ती घेत नाहीं, त्याचें दार उघडेंच राहतें.

तेव्हां निर्णय उपयोगावरून करावा. इंटरनेटशीं जोडलेल्या यंत्रास सुरक्षितता आधीं. केवळ उतरवून ठेवलेलीं पुस्तकें वाचण्याच्या यंत्राची गति राखावी. जेथें नव्या दुरुस्त्या येणेंच थांबलें आहे, तेथें पैशाचा व्यवहार करूं नये. आणि कांहींही करण्यापूर्वीं चित्रांची व टिपणांची प्रत अन्यत्र ठेवावी. गेलेली गति सोसतां येते, गेलेल्या आठवणी परत मिळत नाहींत.