सातबाऱ्यावर न चढणारी श्रीमंती

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळी, नागवेल आणि मोगऱ्याच्या वाड्यांमध्ये मी वाढलो. पहाटेच्या लोकलने टोपल्या दादरला नेणाऱ्या बायांचा हा मुलूख. मुंबई विरारपर्यंत पसरली, तसा आमच्या गुंठ्यांना भाव आला आणि आजोबांनी स्वप्नातही पाहिला नसता एवढा पैसा घरोघरी आला. त्या दिवसांत ख्रिस्ती श्रद्धेने मला काय शिकवले, ते लिहितो.

१. भाऊ गमावून हिस्सा मिळवू नये.

लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, कोठारे पाडून मोठी बांधायला निघालेल्या श्रीमंत माणसाचा दाखला आहे. प्रवचनांत तो पुष्कळदा ऐकला. पण येशूने तो सांगितला कशावरून, हे फार जणांच्या लक्षात नसते. गर्दीतल्या एकाने त्याला गळ घातली होती : माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा. येशूने निवाडा करायला साफ नकार दिला आणि हा दाखला सांगितला. भावकीच्या तंट्यातून निघालेली ही गोष्ट आमच्या तालुक्याला किती लागू पडते! आणि त्यातला तो श्रीमंत पहिल्यापासून स्वतःशीच बोलतो. त्याच्या बोलण्यात ना बायको, ना मुले, ना पीक कापणारे मजूर. कोठारे भरून वाहताहेत आणि बोलायला माणूस नाही, असे दारिद्र्य मी बंगल्यांमध्ये पाहिले आहे.

आमच्या घरी वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचा तुकडा वडिलांनी धाकट्या काकांच्या नावे करायला लावला. काकांना नोकरी नव्हती, त्यांचे सगळे पोट वाडीवर. विहीर ज्याच्याकडे त्याची जमीन मोलाची, हे घरात कुणाला सांगायला नको होते, आणि आईला ते जडही गेले. वडिलांनी मात्र पुन्हा तो विषय काढला नाही. आज वडील नाहीत. काका पंप सुरू करतात, बांधावर उतरून खोऱ्याने माती ओढतात आणि पहिला पाट आमच्या केळींकडे वळवतात. स्वतःची भाजी नंतर. हा हक्क कुठल्याही कागदावर नाही.

२. भरल्या ताटावरूनही उठता येते.

आमच्या मातीतले संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मले. तरुणपणीच जपानला गेले, तिथली भाषा शिकले, मिशनऱ्यांबरोबर धर्मशिक्षणाचे काम केले आणि पुढे व्यापारात उतरले. व्यापार चांगला भरभराटीला आला. तो चालता धंदा सोडून ते मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. धर्मगुरूही नव्हे, साधे बंधू म्हणून! दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या सणाला आपण नवे कपडे घालून जातो. मला वाटते, त्यांच्या हौतात्म्याइतकाच त्यांनी सोडलेल्या दुकानाचाही विचार आपण त्या दिवशी करावा. नफा होत असताना दुकान बंद करणाऱ्याला कुठली तरी मोठी मिळकत सापडलेली असते.

३. देवाचे आधी काढावे.

आई भात टाकण्यापूर्वी एक मूठ तांदूळ पत्र्याच्या डब्यात टाकायची. धुण्यापूर्वी, मापातून, आधी देवाची मूठ. महिनाअखेर तो डबा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत गावातल्या एखाद्या गरजू घरी जाई. कुणाच्या घरी, हे आम्हा मुलांना कळू दिले जात नसे. जमिनीचे पैसे आल्यावर मी म्हणालो, ‘‘आता डबा कशाला? वर्षाला एकदम चेक देऊ.’’ आई म्हणाली, ‘‘चेकही दे. पण चूल मी रोज पेटवते, तर आठवणही रोज व्हायला हवी.’’ मार्कच्या शुभवर्तमानातली विधवा मंदिराच्या दानपेटीत दोनच नाणी टाकते, आणि येशू समोर बसून कोण किती टाकतो ते पाहत असतो. तो रक्कम मोजत नव्हता. टाकल्यावर मागे काय उरले, तिकडे त्याची नजर होती.

४. रोजरी चुकवू नये.

जुन्या घरात सांजेला सगळे एका खोलीत गुडघे टेकत. नव्या घरात प्रत्येकाला आपली खोली मिळाली. आम्ही रोजरीची वेळ हट्टाने पाळली, म्हणून दिवसातून एकदा तरी एकमेकांची तोंडे दिसतात.

५. जमीन देवाची, आपण राखणदार.

जमीन देवाची आहे, हे लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात स्वच्छ सांगितले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईची जमीन आणि पाणी वाचवण्याच्या ‘हरित वसई’ लढ्यात उतरले ते याच श्रद्धेने, असे मी मानतो. धर्मगुरूने जमीन-पाण्याच्या भानगडीत का पडावे, असे विचारणारेही होते. २०१८च्या जुलैत वसई कित्येक दिवस पाण्यात बुडून राहिली तेव्हा त्यांना उत्तर मिळाले असेल. वाडवडिलांनी राखलेली बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी तळी, बुजवून प्लॉट पाडले, तर पावसाने जावे कुठे? दर रविवारी मिस्सेला जायचे आणि सोमवारी बावखलात भराव टाकायचा, हे दोन्ही एका माणसाला शोभत नाही.

६. वेदीपाशी जाण्याआधी भावाकडे जावे.

हे येशूने मत्तयच्या पाचव्या अध्यायात सांगून ठेवले आहे : अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. आपल्या धर्मग्रामात एकाच बाकावर बसणारे, पण जमिनीच्या वादापायी वर्षानुवर्षे न बोलणारे सख्खे भाऊ आहेत. तुम्ही त्यांपैकी एक असाल तर कळकळीची विनंती आहे. कोर्टातली तारीख पुढच्या महिन्यात असेल, ती असू द्या. या रविवारी मिस्सेआधी अर्धा तास घरातून निघा आणि त्याच्या दारात जा.