हलते ती फक्त डिस्क

तालुक्याच्या गावांतल्या पतसंस्था, आडत दुकानं आणि छोटे कारखाने यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. अलीकडे एकाच तऱ्हेचं काम पुन्हा पुन्हा येतं. कोपऱ्यात धुळीनं माखलेलं पेंटियम, त्यात विंडोज ९८ किंवा एक्सपी, आणि त्यावर फॉक्सप्रोत लिहिलेलं हिशेबाचं पॅकेज. पॅकेज लिहिणाऱ्यानं दुकान कधीच बंद केलेलं. नवं सॉफ्टवेअर घेऊन झालेलं असतं, पण एखाद्या ठेवीदाराचा वाद निघाला की जुनी खतावणी याच मशीनवर बघावी लागते. इकडे मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले.

यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर टाकायचं, त्यात एक लटकं मशीन उभं करायचं आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत त्यावर चालवायची. कल्पना बरीच जुनी आहे. आयबीएमनं मेनफ्रेमवर व्हीएम/३७० आणलं ते १९७२ साली. डिस्कची प्रत निघते, त्यात फारसं कौशल्य नाही. वेळ खातं ते त्या डिस्कभोवती वर्षानुवर्षं साचलेलं बाकीचं सगळं.

१. चालू मशीन झाडायला म्हणून बंद करू नये. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली डिस्क थंड झाली की पुन्हा फिरेल याची खात्री नसते. आधी प्रत, मग ब्लोअर. एक्सपी असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सची डिस्क-टू-व्हीएचडी ही छोटी युटिलिटी चालू मशीनचीच प्रत काढते. तिची जुनी आवृत्ती लागते, नवी एक्सपीवर चालत नाही. पॅकेज मात्र सगळ्यांनी बंद केलेलं हवं, नाहीतर अर्धवट लिहिलेल्या फाइली प्रतीत येतात. विंडोज ९८ असेल किंवा डिस्क कटकट आवाज करत असेल तर ती काढून यूएसबी कन्व्हर्टरला लावायची आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालवायचं. ते आधी धडधाकट भाग वाचून घेतं, खराब जागा नकाशात नोंदवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. साधी कॉपी पहिल्याच खराब सेक्टरला अडून बसते आणि मरत्या डिस्कला तिथंच दमवते.

दोन बारक्या गोष्टी. जुन्या मशीनचं यूएसबी १.१ असेल तर वेग सेकंदाला जेमतेम एक एमबी. ४० जीबीच्या डिस्कला ११ तास लागतात, तेव्हा संध्याकाळी लावून घरी जावं. आणि प्रत ज्या डिस्कवर घ्यायची ती एफएटी३२ नसावी, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही.

२. निळ्या स्क्रीनला घाबरू नये, तिच्यावरचा आकडा वाचावा. प्रत व्हर्च्युअल मशीनला लावली की एक्सपी बहुतेक वेळा ‘सेव्हन-बी’ म्हणून कोसळतं. अर्थ एवढाच, की ज्या डिस्क कंट्रोलरवर ते बसवलं होतं तो आता समोर नाही. जुना बोर्ड व्हीआयए किंवा सिस चिपसेटचा असेल तर हे हमखास होतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क साटाला न लावता आयडीईला लावायची, प्रकार पीआयआयएक्स-फोर. त्याचा ड्रायव्हर रजिस्ट्रीत आधीच चालू करून ठेवला तर उत्तमच; हे काम प्रत काढण्यापूर्वी जुन्या मशीनवर दोन मिनिटांत होतं. तसेच एजीपी-४४० आणि इंटेल-पीपीएम हे दोन ड्रायव्हर बंद करावेत. पहिला स्क्रीन गोठवतो, दुसरा नव्या मशीनचा प्रोसेसर एएमडीचा असला की गोंधळ घालतो. कोर एकच द्यायचा, मेमरी ५१२ एमबी. नवं मशीन दणकट आहे म्हणून एक्सपीला चार कोर देण्याचा मोह होतो, त्याचा उपयोग शून्य.

३. लायसन्सचं आधी बोलून घ्यावं. डब्याबरोबर आलेलं ओईएम विंडोज त्या डब्यापुरतंच असतं, आणि हार्डवेअर बदललेलं दिसलं की एक्सपी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागतं. हे मॅनेजर साहेबांना पहिल्या दिवशी सांगितलं की समजूतदारपणे ऐकतात. शेवटच्या दिवशी सांगितलं की बिलातून कापतात.

४. कामाचा अंदाज देण्याआधी सीपीयूच्या मागे वाकून बघावं. पॅरलल पोर्टला काडेपेटीएवढा डोंगल दिसला की अंदाज दुप्पट सांगावा. नव्या मशीनला तो पोर्ट नसतो. बाजारात पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड मिळतं, पण त्याचा पत्ता निराळा. डॉसचं पॅकेज डोंगल शोधतं ते ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर. यूएसबी डोंगल असेल तर नशीब, तो सरळ व्हर्च्युअल मशीनच्या आत देता येतो.

५. खरी परीक्षा प्रिंटरची. पासबुक, पावती, कीर्द सगळं डॉट मॅट्रिक्सवर निघतं, आणि डॉसचं पॅकेज विंडोजला न विचारता थेट एलपीटी-१ वर लिहितं. अक्षर बारीक करायचं तर १५ नंबरचा कंट्रोल कोड पाठवतं. लेझर प्रिंटरला यातलं काही कळत नाही. त्यामुळे नवा प्रिंटर घ्यायचाच तर डॉट मॅट्रिक्सच, पण यूएसबीचा.

पहिला विचार येतो की प्रिंटर बाहेरच्या विंडोजवर शेअर करावा आणि आतल्या एक्सपीतून जोडावा. ते होत नाही. एक्सपीला फक्त एसएमबी-१ हा जुना प्रोटोकॉल येतो आणि विंडोज १० नं तो २०१७ च्या अखेरच्या आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवला आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्रायनं याच वाटेनं जगभर धुमाकूळ घातला होता. प्रिंटरसाठी तो पुन्हा चालू करा असं सांगणारे भेटतात. मी ते करत नाही, आणि पतसंस्थेत तर नाहीच नाही.

माझी पद्धत अशी: यूएसबी प्रिंटर व्हर्च्युअल मशीनच्या आतच द्यायचा, एक्सपीत त्याचा ड्रायव्हर टाकायचा, एक्सपीतच तो शेअर करायचा, आणि मग नेट यूज कमांडनं एलपीटी-१ त्याच मशीनच्या त्याच शेअरला जोडायचा. मशीन स्वतःलाच प्रिंट पाठवतं. यासाठी नेटवर्क कार्ड जिवंत लागतं, म्हणून ते होस्ट-ओन्ली ठेवायचं, इंटरनेटची वाट बंद. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सपोर्ट नाही; त्याला बाहेरचं जग दाखवायचं कारण नाही.

६. मराठी म्हटलं की थांबून बघावं ती कोणत्या जातीची आहे. एक्सपीवरच्या पॅकेजात सुरेख, योगेश असे फॉन्ट असतील तर पडद्यावर अडचण येत नाही, कारण फॉन्ट डिस्कबरोबरच आलेले असतात. अडचण मजकूर बाहेर काढताना येते. त्या फॉन्टांत अक्षर साठवलेलं नसतं, अक्षराचे तुकडे असतात: काना वेगळा, अर्धा श वेगळा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. तो मजकूर युनिकोडच्या फाइलीत चिकटवला की इंग्रजी खिचडी दिसते. प्रत्येक फॉन्टच्या घराण्याला आपापला कन्व्हर्टर लागतो, आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. आडनावांत तर फारच.

त्याहून जुनी मशीनं भेटतात, त्यांत पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाचं कार्ड असतं. डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटवण्याचं काम ते कार्ड करायचं. व्हर्च्युअल मशीनला असा स्लॉट देता येत नाही, त्यामुळे पडदा काही नेता येत नाही. पण डेटा इस्कीमध्ये असतो, आणि ते १९९१ चं भारतीय मानक. त्यात खरोखरचं अक्षर साठवलेलं असतं, शिवाय युनिकोडची देवनागरी मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली. म्हणून हा मजकूर फॉन्टवाल्यापेक्षा कितीतरी सरळ उतरतो. सर्वांत जुनं मशीन मराठीच्या बाबतीत सर्वांत शहाणं निघावं, याची मला गंमत वाटते.

७. डॉसचा प्रोग्रॅम रिकामा बसत नाही. कळ दाबली का, कळ दाबली का, असं सारखं विचारत राहतो आणि प्रोसेसर शंभर टक्के गुंतवतो. पंखा घोंघावतो, लोकांना वाटतं व्हायरस आला. व्हर्च्युअल मशीनला वेगाची मर्यादा घालावी. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडला तर प्रोसेसर जास्त वेगवान झालाय असं समजावं. त्यावरचे पॅच मिळतात.

८. घड्याळ. जुन्या मशीनची बॅटरी गेलेली असते आणि रोज सकाळी तारीख हातानं घालायची सवय असते. त्या सवयीत कधीकधी मागच्या तारखेला नोंद टाकण्याची सोयही दडलेली असते. व्हर्च्युअल मशीन बाहेरच्या घड्याळावर चालतं, मागे केलेली तारीख थोड्या वेळात पूर्ववत होते. ही जुळणी बंद करता येते. मी करून देत नाही. एका ठिकाणी यावरून चहा मिळायचा बंद झाला.

९. तेरीज जुळेपर्यंत काम झालं म्हणू नये. एकाच तारखेची तेरीज जुन्या आणि नव्या मशीनवर काढायची, पैशापर्यंत ताडून बघायची. मग कोणत्याही चार खात्यांचे उतारे. जुनं मशीन किमान एक मार्चअखेर निघेपर्यंत हलवू देऊ नये, कारण व्याजवाटप आणि ताळेबंद हे पॅकेजचे भाग वर्षातून एकदाच चालतात. स्नॅपशॉटला बॅकअप समजू नये. डिस्क गेली की तोही जातो.

१०. काउंटरवरच्या काकांना व्हर्च्युअल हा शब्दसुद्धा ऐकवू नये. मशीन सुरू केलं की पूर्ण पडद्यावर तोच मेनू यावा, नमलॉक चालू असावा, एफ-१० नं सेव्ह व्हावं. उजवी कंट्रोल ही व्हर्च्युअलबॉक्सची होस्ट की. त्यांच्या बोटाला ती पॅकेजातल्या कामासाठी लागत असेल तर बदलून द्यावी.

११. हात लागलाच आहे तर डीबीएफ फाइली बाहेर काढून ठेवाव्यात. त्या लिबरऑफिसमध्ये सरळ उघडतात. पुढच्या वेळी नुसतं जुनं खातं बघायचं असेल तर अख्खं मशीन जागं करावं लागत नाही. जीएसटीच्या कायद्यात हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीनंतर ७२ महिने ठेवायचे असतात, पण ठेवीदारांची भांडणं त्याहून जुनी निघतात. डीबीएफबरोबर त्याच नावाची एफपीटी फाइल असेल तर तीही घ्यावी. मेमो रकान्यांतले शेरे तिच्यातच असतात.