उपनावांची नोंद : संगणक जाळ्याचा सातबारा

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. त्या काळी मालमत्ताकर भरण्यासाठी नागरिकास कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहावे लागे. आज दोन्ही शहरांत हा भरणा घरबसल्या संकेतस्थळावरून करता येतो. खिडकीवरील पाटीची जागा संकेतस्थळाच्या नावाने घेतली आहे. ती पाटी योग्य खिडकीवर आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी मात्र प्रशासनाचीच आहे.

संगणक एकमेकांना अंकी पत्त्याने ओळखतात. नाव आणि पत्ता यांची सांगड घालणारी डीएनएस ही पद्धती पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिच्यातील ‘सीनेम’ ही उपनावाची नोंद होय. या नोंदीत अंकी पत्ता नसतो. अमुक मूळ नावाकडे जावे, एवढाच निर्देश असतो. समजा, एखाद्या कार्यालयाच्या ‘कर’, ‘दाखले’ आणि ‘तक्रार’ या सेवा एकाच सर्व्हरवर चालतात. तिन्ही उपनावे त्या सर्व्हरच्या मूळ नावाशी जोडली, तर पत्ता बदलल्यावर एकच नोंद दुरुस्त करावी लागते.

ही सोय निर्धोक राहण्यासाठी जाळ्याच्या साधनसूचीत उपनाव केवळ लिहून ठेवणे पुरेसे नाही. त्याचे नाते दोन्ही बाजूंनी नोंदवावे लागते. महसुली दप्तरात सातबारा पाहिला की जमिनीचा खातेदार कळतो आणि आठ-अ पाहिला की खातेदाराच्या सर्व जमिनी कळतात. त्याचप्रमाणे उपनावावरून सर्व्हर आणि सर्व्हरवरून त्याची सर्व उपनावे सापडली पाहिजेत. सोबत संबंधित खाते, जबाबदार अधिकारी आणि फेरफाराचा दिनांक असावा.

ही दुसरी बाजू नसेल, तर सर्व्हर मोडीत निघतो आणि उपनाव मागे लोंबकळत राहते. मूळ नाव भाड्याच्या बाहेरील सेवेतील असेल, तर सेवा सोडल्यानंतर काही वेळा तेच नाव परक्या माणसाला मिळू शकते. मग कार्यालयाच्या विश्वासाच्या नावाखाली त्याचे पान उघडते आणि नागरिक तेथे निःशंकपणे पैसे भरतो.

म्हणून सर्व्हर बंद करण्यापूर्वी त्याच्या उपनावांची यादी काढावी. प्रत्येक उपनाव नव्या ठिकाणी वळवावे अथवा रद्द करावे. जुनी माहिती इतर संगणकांच्या स्मरणात काही काळ राहते; नोंदीत ही मुदत ८६,४०० सेकंद असेल, तर एक दिवस थांबावे आणि मगच सर्व्हर बंद करावा. एका उपनावावरून दुसऱ्या उपनावाकडे जाणारी साखळी टाळावी.

स्वतःचे संकेतस्थळ चालविणाऱ्या ग्रामपंचायतींना आणि शाळांनाही हाच क्रम लागू पडतो. उपनावे थोडी असल्यास एक साधी नोंदवहीही पुरेशी ठरते. मात्र प्रत्येक फेरफार त्याच दिवशी तीत चढविला गेला पाहिजे.