नाही म्हणायचं ते वेळेवर म्हण

नसरापूर

चि. भाचीबाईस,


रस्त्याच्या एवढ्या मोठ्या कामावर स्टोअर्स आणि खरेदी तुझ्याकडे आली हे वाचून फार आनंद झाला. या खात्यात काय शिकून घेऊ, असं तू विचारलंस. माझ्या मते एक गोष्ट सगळ्यांत वरची: जो माल वेळेवर येणार नाही, तो येणार नाही हे सगळ्यांच्या आधी तुला कळलं पाहिजे, आणि कळल्या क्षणी ते तू लेखी सांगितलं पाहिजेस. बाकीचं सगळं शिकायचं ते यासाठीच.

एवढा आग्रह का धरतो, ते सांगतो. शेजारच्या वेल्हे भागात, आंबी नदीवर पानशेतचं धरण आहे. १९५७ साली काम सुरू झालं, १९६२ मध्ये पुरं व्हायचं होतं; पण १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं ठरलं आणि घाई झाली. तेव्हा पोलादाची टंचाई होती. मातीच्या भरावाखालून पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीला सळईचं काँक्रीट हवं होतं. सळई मिळेना म्हणून तिथे साधं काँक्रीट वापरलं गेलं. पाऊस आला तेव्हा दरवाजाचं कामही अपुरंच होतं. वेगाने जाणाऱ्या पाण्याचे हादरे मोरीला सोसले नाहीत, वरचा भराव खचला आणि १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं. खालचं खडकवासला धरणही टिकलं नाही, आणि पुण्याची दैना झाली. या दुर्घटनेची कारणं अनेक सांगतात. आपल्या खात्यातल्या माणसाने त्यातलं एक जन्मभर लक्षात ठेवावं: सळई आली नाही, आणि तरीही काम पुढे गेलं.

टंचाई गोदामात असते तोवर ती नुसती टंचाई असते. ती मुकाट्याने बांधकामात गेली की तिचा दोष होतो, आणि वरून माती पडली की तो कुणाला दिसतही नाही. कमी पडलेल्या मालाऐवजी दुसरा चालेल का, हे फक्त डिझाइन करणाऱ्याने ठरवायचं. तू नाही, ठेकेदाराने नाही, आणि उद्या स्लॅब भरायचाच म्हणून ओरडणाऱ्या साहेबानेही नाही.

आता रोजचं काम. दर सोमवारी पुढच्या सहा आठवड्यांचा तक्ता कर: कुठल्या कामाला कुठला माल, किती, कधी, आणि ऑर्डर दिल्यापासून गेटवर यायला किती दिवस. हा शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा. खडी आणि क्रश सँड जवळच्या क्रशरवरून सकाळी सांगितली तर दुपारी येते. सळई जालन्याहून, सिमेंट चंद्रपूरकडून किंवा कर्नाटकातल्या वाडी-सेडमकडून यायचं, तर वाटेतले दिवस धरावे लागतात. पुलाचे बेअरिंग आणि एक्स्पान्शन जॉइंट यांचं आणखी वेगळं. ड्रॉइंग मंजूर व्हायचं, कारखान्यात तपासणी व्हायची, मग गाडी निघायची. यात महिने जातात. रकमेने लहान दिसणाऱ्या याच वस्तू अख्खा पूल अडवून धरतात. म्हणून तक्ता रकमेप्रमाणे लावू नकोस, मुदतीप्रमाणे लाव. आणि सहा आठवड्यांत न मावणाऱ्या वस्तूंची यादी काम सुरू झाल्या दिवसापासून वेगळी ठेव.

तक्त्याशेजारी पंचांग असू दे. जूनमध्ये खाणीत पाणी साठतं, मुरमाच्या रस्त्यात डंपर रुततात, वरंध घाट पावसाळ्यात जड वाहनांना बंद होतो. आषाढीला पालख्यांच्या वाटेवरची वाहतूक वळवतात, गणपतीत पुण्यात जड गाड्यांवर बंधनं येतात, दिवाळीत ड्रायव्हर आणि मजूर गावी जातात. जे दरवर्षी ठरल्या वेळी येतं, त्याची सबब सांगायची नसते.

महत्त्वाचा माल एकाच ठिकाणाहून घेऊ नकोस. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी बघायला सांगितलं आहे, आणि एक पाणी आहे म्हणून तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, असंही बजावलं आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला तुझ्या सिमेंटलाही लागू आहे. दुसरा पुरवठादार आधीच तपासून, मंजूर करून ठेव. टंचाईच्या दिवशी शोधायला निघालीस तर मिळेल तो माल घ्यावा लागेल.

गेटवर मात्र स्वतः उभी राहा. सळईची गाडी आली की काट्यावर भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं बघ. मग बंडलातली एक सळई काढून मोज. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरची साधारण १०.७ किलो भरली पाहिजे. फार हलकी निघाली तर चलनावर सही करण्याआधी बोल. सहीनंतर बोलण्याला किंमत नसते. टॅगवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या वितळणीचा क्रमांक, टेस्ट सर्टिफिकेटशी ताडून बघ. वाळू ब्रासवर मोजून घेत असशील तर ओल तपास, कारण दमट वाळू फुगते आणि ब्रास खोटा भरतो. शक्य तिथे वजनावर घे. रॉयल्टीची पावती नसलेली गाडी कितीही निकड असली तरी आत घेऊ नकोस.

सिमेंटची थप्पी दहा गोण्यांच्या वर नेऊ नये. खाली फळ्या, भिंतीपासून मोकळं अंतर, आणि आधी आलेली गोणी आधी बाहेर. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासणीशिवाय देऊ नकोस. रेडीमिक्सला तर गोदामच नसतं. पाणी पडल्यापासून दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी. म्हणून प्लँटपासून साइटपर्यंतचा रस्ता, ज्या वेळी गाड्या येणार त्याच वेळी, स्वतः जाऊन बघ. उशिरा आलेल्या गाडीत कुणी वरून पाणी मारू म्हणेल. मारू देऊ नकोस.

माणसांशी नीट वाग. रात्रभर गाडी हाकून आलेल्या ड्रायव्हरला गेटवर ताटकळत ठेवू नये. त्याला पाणी, सावली आणि संडास मिळेल एवढं बघ. पुरवठादाराचं बिल बरोबर असेल तर ते टेबलावर पडू देऊ नकोस. टंचाईत माल आधी त्याच्याकडे जातो, ज्याचे पैसे वेळेवर येतात.

एवढं करूनही एखाद्या संध्याकाळी फोन येईल: सळई नाही, दुसरी घालून उरकून टाक. तेव्हा हुज्जत घालू नकोस. तीन ओळी लिहून पाठव. काय नाही, कधी येईल, आणि तोवर कुठलं काम पुढे घेता येईल. या तिसऱ्या ओळीसाठी आधीच साइटवर फिरून ठेव. नुसतं 'नाही' म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. 'हे नाही, पण उद्या गटाराची भिंत घेता येईल, तिचा सगळा माल आवारात आहे' असं सांगणाऱ्याचं साइट ऐकते. असं सांगता आलं की माणसं बसून राहत नाहीत, आणि जिथे सळई हवी तिथे सळईच जाते.

पुढच्या पत्राबरोबर तुझा पहिला तक्ता पाठव. मुदतीचा रकाना मी बारकाईने तपासून परत पाठवीन.

तुझा,
मामा