निद्रानाशाच्या रुग्णाचे बालपण : ऊसतोड भागातील वैद्यांसाठी एक विचार

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी निद्रेचा उपस्तंभ ढासळलेला रुग्ण आपल्याकडे बहुधा उशिरा येतो. तोवर औषधी दुकानातून अश्वगंधाचूर्ण, ब्राह्मीवटी, जटामांसीचे कल्प घेऊन झालेले असतात. आपण चहा, रात्रपाळी, मलावष्टंभ, वेदना, मद्यपान यांविषयी विचारतो. बालपणाविषयी सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेख या राहून जाणाऱ्या प्रश्नाविषयी आहे.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात निद्रानाशाची कारणे सांगताना वात, पित्त, क्षय व अभिघात यांच्या बरोबरीने मनस्ताप स्वतंत्रपणे गणला आहे. चरकसंहितेतील (सूत्रस्थान, अध्याय २१) एक यादी मात्र आपण घाईने ओलांडून जातो. अतिनिद्रा रोखण्यासाठी तेथे जे उपाय दिले आहेत, त्यांत भय, चिंता, क्रोध, व्यायाम, उपवास आणि असुखकर शय्या हे सारे येतात. म्हणजे झोप घालवायची असेल तर काय करावे, हे आचार्यांनी सांगून ठेवले आहे.

आता ही यादी परळी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबाच्या मुलाला लावून पाहावी. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे वा कर्नाटकाकडे निघतात. पाचटाच्या कोपीत जमिनीवर अंथरूण. आईवडील पहाटे अंधारातच फडात जातात, वाहन रात्री आले तर भराईही रात्रीच. मागे कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेली आठ-दहा वर्षांची मुलगी. विंचू-सापाचे, परक्या माणसाचे भय तिला असते आणि तिने जागे राहावे अशीच घरच्यांची गरज असते. गावी आजीजवळ ठेवलेल्या मुलाची शय्या बरी, पण आईचा विरह सहा महिन्यांचा. आमच्या मते, चरकोक्त निद्राविघातक हेतू येथे वर्षानुवर्षे, आणि तेही वाढीच्या वयात, एकवटतात.

निद्रा येते ती मन थकून इंद्रिये विषयांपासून निवृत्त झाल्यावर. ज्या मुलाने इंद्रिये जागी ठेवूनच रात्री काढल्या, त्याला पुढे सुरक्षित घरातही ती निवृत्ती सहज साधत नाही. भयाने प्रकुपित वायू व वाढलेला रजोगुण असे आपण म्हणतो. आधुनिक शास्त्र त्यालाच सतत सतर्क राहिलेली ताणयंत्रणा म्हणते.

अमेरिकेत फेलिटी व अँडा यांनी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरील अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. त्याच प्रकल्पातील १७,३३७ प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या २०११ च्या निबंधात असे दिसले की, पाच वा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव सांगणाऱ्यांत झोप न लागण्याची वा मोडण्याची तक्रार, असे अनुभव नसलेल्यांच्या मानाने सुमारे दुप्पट होती. माहिती आठवणींवर अवलंबून असल्याने हा संबंध झाला. कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय त्या प्रश्नावलीत घरातील मारहाण, व्यसन, मनोविकार, लैंगिक अत्याचार, पालकांचा विभक्तपणा होता; दारिद्र्य व स्थलांतर नव्हते. बीड जिल्ह्यात ती प्रश्नावली जशीच्या तशी वापरणे आम्हास अपुरे वाटते.

विचारावे कसे? पहिल्याच भेटीत, नातेवाइकांसमोर तर मुळीच नाही. 'लहानपणी रात्री कुठे झोपत होता? सोबत कोण असे?' एवढे दोन प्रश्न पुरतात. रुग्ण गप्प राहिला तर खोदून विचारू नये. जखम उघडून तशीच सोडणे ही चिकित्सा नव्हे. मात्र रुग्ण अजूनही अठरा वर्षांखालील असून लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे आपणावर बंधनकारक आहे.

चिकित्सेत अभ्यंग, पादाभ्यंग, शिरोधारा, रात्री दूध हे वातशामक उपक्रम आहेतच. स्वप्नजनन द्रव्यांत चरकाचार्यांनी म्हशीचे दूध श्रेष्ठ मानले आहे. परंतु सत्त्वावजयाची जोड नसेल तर केवळ तेलादुधावर भिस्त ठेवू नये. जुनाट निद्रानाशात वर्तनाधारित मानसोपचार प्रथम द्यावेत, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१६ ची शिफारस आहे. भयस्वप्ने, आत्मघाताचे विचार वा व्यसन आढळल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांकही रुग्णास द्यावा.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. तोच तरुण महिन्यामागून महिना झोपेचे औषध मागू लागला की त्याला वैद्याकडे वळवावे. सर्पगंधायुक्त कल्प तर चिठ्ठीशिवाय देऊच नयेत. त्याने रक्तदाब उतरतो आणि खिन्न मन अधिक खिन्न होऊ शकते.

बालकाला राक्षस-पिशाच्चांचे नाव घेऊन भिववू नये, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात (अध्याय ८) बजावले आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही शासनाने २०२१ साली मंजूर केली. टोळ्या निघण्याआधीचे भाद्रपद-आश्विन हे दिवस त्यासाठी मोलाचे. ताप-खोकल्यासाठी मूल घेऊन आलेल्या आईला, या हंगामात ते कोठे झोपणार, हे तेव्हाच विचारून ठेवावे.