घराशेजारी कामाची शेड : आधी फक्की मारा, मग कुदळ



उन्हाळी कामाचा हंगाम संपला की ग्रामसंघाच्या बैठकीत एक विषय हटकून निघतो. "ताई, घरात आता जागाच उरली नाही. परसात एखादी शेड टाकायची म्हणते." मिरची कांडप घरात चालतं तेव्हा घरभर ठसका असतो, लेकरं अभ्यासाला शेजारी जाऊन बसतात. शिवणकाम करणाऱ्या ताईंना पाहुणे आले की मशीन गुंडाळून कोपऱ्यात ठेवावं लागतं. शेवया-पापडाच्या बाजेवरून मांजर जातं. काम वाढलं की ते घराबाहेर काढावंच लागतं. म्हणून या अंकाचा पाठ शेडचा. मी इंजिनिअर नाही. पण गावोगाव बांधलेल्या, अर्धवट राहिलेल्या आणि पत्रे उडालेल्या शेडी बघून, गवंड्यांना आणि तुम्हालाच विचारून जे हाती लागलं ते इथे लिहिते.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. पैठणला पैठणीचा माग घरातच असतो, आणि खड्डामाग असेल तर विणकराचे पाय जमिनीतल्या खड्ड्यात असतात. तो माग आज इथे, उद्या तिथे असा हलवता येत नाही. त्याला पक्की जागा, गळणार नाही असं छत आणि दिवसभर सरळ उजेड लागतो, कारण रेशमावर पाण्याचा थेंब पडला की महिन्याची मेहनत डागाळते. म्हणूनच केंद्राच्या हातमाग विकास कार्यक्रमात मागासोबत मागघर बांधायलाही १ लाख २० हजार रुपयांपर्यंत मदत ठेवलेली आहे. कामाची जागा हेही एक अवजारच आहे, हे विणकरांना फार आधी कळलं होतं.

आता आपल्याकडे या. पहिलं काम कागदावर नको, अंगणात करा. चुन्याची नाहीतर राखेची फक्की घ्या आणि जिथे शेड हवी तिथे जमिनीवर चौकोन आखा. दहा बाय पंधरा फूट धरा. आत यंत्राच्या जागी पाटा नाहीतर बाज ठेवा. पोती जिथे रचणार तिथे खरंच दोन पोती ठेवा. वजनकाटा, पॅकिंगचं टेबल, गिऱ्हाईक उभं राहील ती जागा, सगळं आखा. मग एक दिवस त्या चौकोनात डोक्यावर पाटी घेऊन ये-जा करा. यंत्राच्या चारही बाजूंनी अडीच-तीन फूट मोकळे राहतात का? पट्टा बदलायला माणूस बसू शकतो का? दार आत उघडल्यावर पोत्याला अडतं का? बऱ्याच जणींना इथेच कळतं की दार चुकीच्या भिंतीत धरलं होतं. फक्की पुसायला पैसे लागत नाहीत.

कांडप असेल तर वाऱ्याची दिशा बघा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. शेड घराच्या पश्चिमेला बांधली तर सगळी मिरची पुन्हा घरातच. पूर्वेला किंवा उत्तरेला जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर निदान खिडक्या घराकडे तोंड करून काढू नका. शेजारणीच्या घराचाही विचार करा, नाहीतर धंदा सुरू होण्याआधी भांडण सुरू होतं.

पाया

आपली काळी माती कापसाला चांगली, भिंतीला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच मातीवर दीड फूट खणून पाया घातला की दोन वर्षांत भिंतीला तिरपी चीर जाते. दोष मग सिमेंटला दिला जातो. पाया मुरुमापर्यंत न्यायचा, मग तो तीन फुटांवर लागो की चारवर. मुरूम फारच खोल असेल तर काळी माती काढून मुरूम भरून, पाणी टाकून धुमसायचा. पायाच्या कडेनेही काढलेली काळी माती परत लोटू नका, मुरूमच भरा. न्हाणीचं पाणी भिंतीलगत मुरू द्यायचं नाही, कारण एका बाजूची माती ओली आणि दुसरी कोरडी राहिली की भिंत हलतेच. जोता दीड-दोन फूट उंच घ्या.

गवंडी म्हणेल, "पत्र्याचीच तर शेड, एवढा खर्च कशाला?" तिथे नमू नका. भिंत पुढे वाढवता येते, पत्रा बदलता येतो. पाया एकदाच होतो.

विटा, पत्रे आणि आपला हिशोब

अंदाज गवंड्याने सांगावा, पण आकडा आपल्याला आधी माहीत असावा. दहा बाय पंधराची खोली म्हणजे चारही भिंतींची लांबी ५० फूट. एका बाजूची भिंत १० फूट आणि समोरची साडेआठ फूट ठेवली तर पत्र्याला उतार मिळतो, आणि सरासरी उंची सव्वानऊ फूट येते. ५० गुणिले सव्वानऊ म्हणजे साधारण ४६० चौरस फूट. एक दार आणि दोन खिडक्यांचे ५० वजा केले की ४१० उरतात. नऊ बाय तीन इंच तोंडाची वीट लावली तर चौरस फुटाला मसाल्यासकट सव्वाचार-साडेचार विटा बसतात, म्हणजे अठराशेच्या आसपास. फुटतूट धरून दोन हजार. हे जोत्याच्या वरचं झालं, पायाचं वेगळं. गाडी आली की मोजून घ्या. ही सव्वाचार-साडेचार इंची भिंत आहे, म्हणून चार कोपऱ्यांत आणि लांब भिंतींच्या मध्ये कॉलम हवेतच.

पत्रा भिंतीबाहेर फूटभर निघाला पाहिजे. म्हणजे १२ फुटी पत्रे, आणि १७ फूट लांबी झाकायला, एकावर एक चढवून, साधारण सहा नग.

दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंती बांधून घेणारा सलग लोखंड-काँक्रीटचा पट्टा घ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात ती आठवण आहे. सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती होत्या, वर माळवदाचं ओझं होतं आणि भिंतींना एकमेकींशी बांधणारं काहीच नव्हतं. आपली शेड हलकी असली तरी आत बायका दिवसभर बसणार आहेत. पट्ट्याचे पैसे वाचवू नका.

दुसरा धोका दरवर्षीचा आहे. एप्रिल-मेमधलं वळवाचं वादळ. पत्र्यावर दगड ठेवायची आपली जुनी सवय आहे, आणि वाऱ्याने पत्रा उचलला की तेच दगड खाली माणसावर येतात. पत्रा दगडाने नाही, हुकाने धरायचा. भिंतीत कॉलमच्या सळईला पाईप वेल्डिंग केलेला, पाईपला जे-हुक, हुकाच्या नटाखाली वॉशर. कडेच्या ओळीला हुक जास्त घ्या, वारा कडेनेच शिरतो.

उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते. वरून चुन्याचे पांढरे दोन हात दरवर्षी फेब्रुवारीत मारा, आणि उंच भिंतीत अगदी वर झरोके ठेवा म्हणजे तापलेली हवा बाहेर पडेल. तुराट्यांचं छत खालून बांधलं तर शिवणकामाला गारवा मिळतो. पण मसाल्याच्या, पापडाच्या शेडीत तुराट्या नकोत. भुसा गळतो, उंदीर होतात, आणि चूल असेल तर आगीची भीती. खाण्याचा माल करणार असाल तर जमीन आणि भिंती धुता येतील अशा, खिडक्यांना जाळी आणि हात धुवायला नळ लागतोच. अन्न परवान्याची नोंदणी करताना याच गोष्टी पाहतात.

पन्हळ लावायला विसरू नका. आपल्याकडे सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर एवढ्या पत्र्यावरून वर्षाला दहा हजार लिटर पाणी टाकीत घेता येतं. पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्या. पुढचं धुण्याधाण्याला, जनावरांना.

बांधकाम कधी काढायचं? दिवाळीनंतर. विहिरीला पाणी असतं, माती वाळलेली असते. सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. मे महिन्यात प्यायला टँकरची वाट बघायची आणि भिंतीला पाणी कुठून आणायचं?

वीज

दोन एचपीपर्यंतची यंत्रं साधारण सिंगल फेजवर चालतात, मोठ्या गिरणीला थ्री फेज लागतं. आधी जोडणीची चौकशी, मग यंत्राची खरेदी, हा क्रम बदलू नका. घरातून छोटा व्यवसाय करणाऱ्याला महिना ३०० युनिटपर्यंत घरगुती दर लागू राहण्याची तरतूद आहे, पण वेगळ्या शेडीचं काय होईल ते महावितरणच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, वायरमनच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. अर्थिंग नवीन घ्या. शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवा. आणि पट्ट्यावर जाळी हवीच. आपला पदर, ओढणी, वेणी पट्ट्यात जायला क्षण पुरतो. शेडीत एप्रन आणि डोक्याला रुमाल, पाहुणी आली तरी.

शेड कोणाच्या नावावर?

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण इथे बैठक गप्प होते. जागा सासऱ्यांची, घर मालकांच्या नावावर, कर्ज मात्र गटातून ताईंच्या नावावर. दहा वर्षं हप्ते तिने फेडायचे आणि उद्या घरात वाटण्या झाल्या, किंवा काही बरंवाईट झालं, तर शेड कोणाच्या वाट्याला जाईल? "आमच्याकडे असं होत नाही" असं सगळ्याच म्हणतात. होत नसेल तर कागद करायला अडचण काय?

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गावात बांधकामाला परवानगी लागते. तो अर्ज करतानाच स्वतःचं नाव घाला. घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं घ्यावीत असं शासनाने २००३ मध्येच सांगितलं आहे, तेव्हा नमुना ८ला नाव लावायचा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नाही. तरीही नाव असणं आणि नसणं यात फरक पडतो. गावात ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाल्या असतील तर त्यावर कोणाचं नाव आहे तेही बघा. जागा सासऱ्यांची असेल तर शेड बांधायला आणि वापरायला त्यांची लेखी संमती, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह घ्या. विटा, पत्रे, यंत्र, सगळ्या पावत्या तुमच्या नावाने. गावठाणाबाहेर शेतात बांधणार असाल तर आधी तलाठ्यांकडे जमिनीच्या वापराचं विचारा.

पैशाचं

शेड दूध देत नाही, यंत्र देतं. म्हणून मिळालेलं सगळं कर्ज भिंतीत घालू नका. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, पण ते खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी, विटांसाठी नाही. त्याच योजनेत यंत्रासह उद्योगाला ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख, आणि ते बँकेच्या कर्जाला जोडून येतं, आधी हातात पडत नाही. माझं मत विचाराल तर शिवणकामाला या वर्षी पक्का पाया, कॉलम आणि पत्रा एवढंच करा, बाजूला तट्ट्या लावा, भिंती पुढच्या दिवाळीला. कांडपाला आणि खाण्याच्या मालाला मात्र भिंती पहिल्याच वर्षी लागतील, तिथे खोली थोडी लहान घ्या.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांना शेड करायची आहे त्यांनी नमुना ८चा उतारा आणि अंगणात आखलेल्या फक्कीची मापं कागदावर घेऊन यावीत. विटांचा हिशोब तिथेच बसून करू.