धूमनेत्र आणि चिलीम : घडणीचा तौलनिक विचार

‘धूमपान’ हा शब्द उच्चारताच आज रुग्णाच्या डोळ्यांसमोर विडी वा चिलीम उभी राहते. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात तर हे स्वाभाविकच आहे. संगमनेर-अकोले भागात अनेक घरांचा संसार विडी वळण्यावर चालत आला आहे. शिर्डीच्या संग्रहालयात साईबाबांच्या वापरातील मातीच्या चिलिमी श्रद्धेने जतन केलेल्या आहेत. अशा परिसरात वैद्याने धूमपान सुचविले की वृद्ध रुग्ण हसून विचारतो, “वैद्यबुवा, मग आमच्या चिलमीनेच काय बिघडवले?” या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दोन्ही साधनांची घडण तपासून पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

चिलीम : कुंभार राख व लीद मिसळून माती मळतो. चाकावरील गोळ्याच्या माथ्यावरच तो एकामागून एक लहान नळकांडी ओढतो. वरचे तोंड रुंद, खाली निमुळते. मधून बारीक काडीने छिद्र राखायचे आणि दोऱ्याने कापून अलग करायचे. मातीत चुनखडीचा कण राहिला तर भाजल्यानंतर तेथे टवका उडतो, म्हणून माती चाळणे महत्त्वाचे. सावलीत वाळवून चिलिमी आव्यात भाजतात. ओढणारा आत खडा टाकतो, वर तंबाखू व निखारा ठेवतो आणि खालच्या टोकास ओली छापी गुंडाळतो. खडा जळते कण अडवितो. छापी धूर किंचित निववते. परंतु चिलमीची लांबी वीतभरही नसते. धूर उष्ण व दाट अवस्थेतच छातीत उतरतो.

धूमनेत्र : चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात नेत्राची मापे दिली आहेत. वैरेचनिक धूमासाठी २४, स्नैहिकासाठी ३२ आणि प्रायोगिकासाठी ३६ अंगुळे. तीही रुग्णाच्या स्वतःच्या बोटांनी मोजलेली. म्हणजे सर्वांत आखूड नेत्रही सुमारे दीड फूट भरते. नेत्र सरळ, तीन कोषांचे व अग्रभागी बोराच्या बीएवढ्या छिद्राचे असावे. कारणही तेथेच दिले आहे : दुरून आलेला, पर्वांशी अडलेला व नळीत विरळ झालेला धूर योग्य मात्रेत व योग्य काळी घेतल्यास इंद्रियांस बाधत नाही. बस्तिनेत्रास चालणारी द्रव्ये येथेही चालतात. त्यांत आपल्याकडे वेळू सहज मिळतो.

वर्ती करताना सूक्ष्म वाटलेल्या द्रव्यांचा कल्क शराच्या काडीवर लेपून आठ अंगुळे लांब, अंगठ्याएवढी जाड, मध्ये फुगीर व टोकांस निमुळती अशी यवाकृती वर्ती बनवितात. वाळल्यावर काडी काढून घेतात, त्यामुळे आत वायुमार्ग राहतो. नंतर स्नेह लावून वर्ती पेटवितात.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. कासरोग्यासाठी वाग्भटाचार्यांनी शरावसंपुट, म्हणजे तोंडास तोंड लावलेले दोन परळ, सांगून त्याच्या छिद्रास अवघी ८ किंवा १० अंगुळांची नळी जोडली आहे. हे परळही कुंभाराच्याच हातचे. नळी आखूड केली की धूराची तीव्रता वाढते, हे आचार्यांस पूर्ण ज्ञात होते. म्हणूनच आखूड नळी त्यांनी रोगापुरती राखली. चिलीम हे त्याहूनही आखूड नेत्र. ते मात्र माणूस नित्य, दिवसातून अनेकदा आणि विषारी द्रव्यासाठी वापरतो. मूळ दोष येथे आहे.

द्रव्यभेद तर उघडच आहे. तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. संहिताकारांस ती ठाऊक नव्हती. १६०४ च्या सुमारास असद बेगने विजापूरहून ती अकबराच्या दरबारी नेली, तेव्हा तेथील हकिमानेही, आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, असा आक्षेप घेतला होता. तंबाखू लांब नेत्रात भरली म्हणून औषध होत नाही. निकोटिनचे व्यसन आणि कर्करोगाचा धोका नळीच्या लांबीने टळत नाही. शिवाय एकच चिलीम हातोहात फिरविल्याने क्षयाच्या संसर्गासही वाट मिळते.

मात्र आपणही सावध राहिले पाहिजे. लांब नेत्राने धूर निवतो, निर्दोष होत नाही. कोणत्याही ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कण निर्माण होतातच. म्हणून श्वासरोगी, हृद्रोगी, गर्भिणी व बालक यांना धूमपान देऊ नये. धूर नाकाने वा मुखाने घेतला तरी मुखानेच सोडावा, हा नियम रुग्णाकडून समक्ष करवून घ्यावा. “औषधी विडी” या नावाने रुग्णास पुन्हा जुन्या सवयीकडे नेणे तर सर्वथा त्याज्य होय.

वृद्ध रुग्णाच्या त्या प्रश्नास आमचे उत्तर असे : बाबा, आमच्या नळीला माप आहे, धुराला वेळ आहे आणि उपचाराला शेवट आहे. तुमच्या चिलमीला यांपैकी काहीच नाही.